बाईंनी गाळलेलं पाणी

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी कोर्टात साहेबांसमोर फाईल धरून उभा होतो. "दत्ता, बाई गेली रे..." एवढंच तो बोलला, आणि मग पलीकडून नुसती पंपाची घरघर ऐकू येत राहिली. त्याच्या हॉलमधल्या समुद्राच्या टाकीचा तो पंप. या गोष्टीला दीड महिना होऊन गेला, तरी बाई म्हटलं की माझ्या कानात अजून आधी तीच घरघर येते.

बाई म्हणजे प्रकाशची आई. राजस्थानातून कधीकाळी आलेलं हे जैन घर. त्यांच्यात आईला बाईच म्हणतात. एक्क्याऐंशी साली मी आष्टीहून अंबडला शिकायला आलो, वर्गात प्रकाशशेजारी बसलो आणि त्या घरात माझं ताट ठरून गेलं. जेवणं दिवस मावळायच्या आत, म्हणून मी दुपारपासूनच आशाळभूतासारखा त्यांच्या ओसरीवर घुटमळायचो. बाई त्यावरून माझी खूप थट्टा करायच्या. पाण्याच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून तांब्याच्या हंड्यात भरायचं, आणि फडक्यात राहिलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव हलक्या हातानं परत त्याच विहिरीत सोडायचे. एकदा मी ते फडकं अंगणातच झटकलं. बाई कळवळून म्हणाल्या, "अरे, त्यांचं घर कुठं हाय ते तरी बघ!"

अशा घरात प्रकाशनं समुद्र आणला. गावात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि हा कापडाचा व्यापारी मुंबईहून समुद्राचं मीठ, दगड, प्रवाळ आणि इवलाले झिंगे मागवतोय! मी त्याला तोंडावर वेडा म्हणालो. जीव कोंडले म्हणून बाई तर पहिले काही दिवस टाकीकडे पाठ करून माळ ओढत बसायच्या. माशांना घालायचं खाणं मांसाचं, ते घरात आणायची प्रकाशची छाती नव्हती, म्हणून ते दुकानातल्या फ्रीजमध्ये असायचं. पण एका सकाळी त्यानं बाईंना दाखवलं, की दगडावर जे उमललंय ते फूल नाही, तोही जीवच आहे. बाई बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पाट टाकीसमोर आला.

पुढं मे महिन्यात प्रकाशला नात्यातल्या लग्नासाठी राजस्थानात जावं लागलं. उन्हानं टाकीतलं पाणी उडायचं, तेवढं मशीनमधून गाळून ड्रममध्ये साठवलेलं गोडं पाणी घालायचं, एवढंच त्यानं बाईंना सांगितलं होतं. परत आला आणि त्यानं मला हाका मारून बोलावलं. झिंगे उलटे पडले होते, काचेला चिकटून असणाऱ्या गोगलगायी गळून तळाशी पडल्या होत्या, प्रवाळ आक्रसून पांढरं पडलं होतं. मासे तेवढे जिवंत होते. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "ड्रम सरला तव्हा मी हंड्यातलं टाकलं रे. रोज, गाळून. थेंबभर कमी पडू दिलं न्हाई," म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

प्रकाशनं मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण प्रकाशची नजर हळूहळू पाण्याच्या ओट्याकडे गेली... आणि तिथल्या लखलखीत हंड्यावर थांबली. फोन ठेवून त्यानं टाकीतलं पाणी नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी निळं झालं. "तांबं," तो कुजबुजला. "माशांना थोडं चालतं. ह्यांना बिलकुल न्हाई, जहर हाय."

वाटेत मुंगी आली तर थांबणारी ही बाई! आपल्या हातून टाकीभर जीव गेले हे कळलं तर त्या अन्न सोडणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्यांचं हृदय आधीच नाजूक. "कळू द्यायचं न्हाई," प्रकाश म्हणाला आणि मोठ्यानं ओरडला, "बाई, लाईट जाऊन राह्यली होती ना, त्यानं झालं सगळं!" आतून नुसतं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

आता हंडा टाकीपासून लांब कसा ठेवायचा या चिंतेत मी रात्र काढली. सकाळी जाऊन बघतो तर ओट्यावर स्टीलची कळशी. "हंडा शीलाला दिला, तिला पाह्यजे होता," बाई म्हणाल्या. शीलाताई म्हणजे हसनाबादला दिलेली त्यांची लेक. आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आपलं नशीब जोरावर म्हणून.

प्रकाशनं सगळे दगड काढले, पाणी बदललं, पुन्हा बदललं. पावसाळा अर्धा सरला तरी टाकी ओकीबोकीच. तेवढ्यात पर्युषण, म्हणजे घडलेल्या पापांचं प्रायश्चित्त घ्यायचं पर्व, आलं आणि बाईंनी अठाई धरली, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. डॉक्टर रागावले, प्रकाशनं पाय धरले. बाई ऐकेनात. शेवटी शेवटी त्यांना धरून उठवावं लागे. पारण्याच्या सकाळी प्रकाशनं मुगाच्या पाण्याचा चमचा ओठांशी नेला, तर बाईंनी तोंड फिरवलं. "आधी सांग... टाकीत काही जगलं का?" आम्ही सगळे ताटकळलेलो. प्रकाश म्हणाला, "एक प्रवाळ उमललंय, बाई. कालच." त्यांनी पाटासकट स्वतःला टाकीपुढं न्यायला लावलं, डोळ्यांनी बघितलं, आणि मग तोंड उघडलं.

परवा घर आवरताना प्रकाशनं माळ्यावरून एक गाठोडं खाली काढलं. आत तोच हंडा होता, काळा पडलेला. "हा तर तुझ्याकडं होता ना?" त्यानं शीलाताईला विचारलं. ती रडायला लागली. "बाईनं सांगितलं होतं, प्रकाशनं विचारलं तर माझ्याकडं हाय म्हण. तुम्ही दोघं त्या दिवशी टाकीपाशी बोलले ते तिनं ऐकलं होतं."

कोर्टात मी जन्मभर साक्षी ऐकल्या, खोटं बोलणारा मला चेहऱ्यावरून कळतो. बाईंचं मला कळलं नाही. स्टीलमधलं पाणी त्यांना कधी गोड लागलं नाही, तरी शेवटपर्यंत तेच प्यायल्या. प्रकाश हंडा मांडीवर घेऊन चिंचेनं घासत बसला होता, वर न बघता. मागं टाकीचा पंप घरघरत होता. घासता घासता तो म्हणाला, "मंग ती अठाई... आन् मी तिला नुसतं खा, खा म्हणत होतो रे, दत्ता."