बुरुलनं शिवून टाकलेली फट

तोल्कुनबेकला लोक दगड म्हणतात. म्हणोत. आत-बाशीच्या टॅक्सी थांब्यावर माझं चहाचं दुकान आहे, आणि दिवसभर मी पुरुषांची बडबडच ऐकत असते. एखादा गप्प बसला तर माझ्या कानांना तेवढाच विसावा. पण तोल्कुन पहिल्यापासून असा नव्हता. भल्या सकाळी दार ढकलून ओरडायचा, "उलकान, तो चहा आहे की घोड्याला पाजायचं पाणी?" आणि मी म्हणायची, "घोड्यालाच देते, बस."

तो आमच्या गावातून नारिन आणि पुढं घाटावरून राजधानीपर्यंत भाड्याची गाडी चालवतो. जपानहून आलेली जुनी गाडी, चालवायचं चाक उजवीकडं. त्याची बायको बुरुल माझी लहानपणची मैत्रीण. शिवणात तिचा हात धरणारी बाई आमच्या खोऱ्यात नव्हती. कापडाचे तिकोनी तुकडे जोडून तिनं गाडीच्या सीटांना खोळी शिवल्या होत्या, लाल-काळ्या-पिवळ्या. थांब्यावर दहा गाड्या उभ्या असल्या तरी लोक म्हणायचे, त्या गोधडीवाल्या गाडीत बसू.

आता पट्ट्याचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. आमच्याकडं पुढच्या सीटवर मानाचं माणूस बसतं, आणि त्यानं बसल्या बसल्या पट्टा ओढला की चालवणाऱ्याच्या तोंडावर "तू मला मारणार" असं म्हटल्यासारखं होतं. लगेच चालवणारा विचारतो, "का हो, मी प्यायलोय का?" मग पाहुणा ओशाळतो आणि पट्टा सोडून देतो. पण गाडीला कुठं लाज असते! पट्टा नसला की ती टिंग टिंग करत बसते. म्हणून सगळ्यांनी एकच उपाय काढलाय. रिकाम्या सीटवरच पट्टा लावून टाकायचा आणि वरून खोळ चढवायची. गाडी गप्प, पाहुणा खूश. चौकीवर पोलीस फक्त चालवणाऱ्याकडं बघतात, म्हणून चालवणारा तेवढ्यापुरता आपला पट्टा लावतो आणि पुढच्या वळणावर काढून टाकतो.

बुरुलनं मात्र खोळीला एक फट ठेवली होती, बकलापाशी. कुणाला लागलाच तर पट्टा सोडवून घेता यावा म्हणून. एकदा राजधानीची एक मास्तरीण पुढं बसली आणि फटीत हात घालून पट्टा चाचपू लागली. झालं! थांब्यावरचे मेले सगळे चालक खिदळायला लागले. "काय तोल्कुन, बाई दोर मागतेय! घोड्याच्या जिनाला बांधून नेतोस का माणसं?" तोल्कुन हसला, पण कान लाल झाले त्याचे. बुरुल माझ्याकडं चहा पीत होती. ती पेला खाली ठेवून उठली. मास्तरीण गेली दुसऱ्या गाडीनं. बुरुलनं कोटाच्या कॉलरला टोचलेली सुई काढली, गाडीत गुडघे टेकून बसली आणि ती फट शिवून टाकली. वर लाल दोऱ्यानं छोटा त्रिकोण काढला. तुमार. दृष्ट लागू नये, वाटेत काही होऊ नये, म्हणून आमच्या बायका काढतात तो.

"आता माझ्या नवऱ्याला कोण हसतो ते बघते," ती म्हणाली.

शरद ऋतूत ती दोघं लेकीला भेटायला निघाली. जिपारा त्यांची एकुलती एक, राजधानीत दवाखान्यात काम करते. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. बुरुलनं रात्रभर कणकेचे बोरसोक तळले होते, पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसली. चौकी आली, तोल्कुननं पट्टा लावला. चौकी मागं पडली, वळण आलं, आणि तो पट्टा काढायला हात नेणार इतक्यात बुरुलनं त्याच्या हातात बोरसोक दिला. तो खाल्ला, तर दुसरा दिला. "सकाळपासून उपाशी आहेस," म्हणाली. एक हात चाकावर, दुसऱ्यात बोरसोक. पट्टा काढायचा राहूनच गेला.

डोंगरावरच्या कुरणातून घोडे खाली आणत होते. कळपातला एक घोडा उतारावरून थेट रस्त्यावर आला.

तोल्कुनच्या छातीवर उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत काळीनिळी पट्टी उमटली. एवढंच. बुरुल तिथंच गेली. मला फोन आला तेव्हा मी पेले विसळत होते. ऐकलं, फोन ठेवला आणि उरलेले पेले विसळले. का, ते मला अजून कळलेलं नाही.

अंगणात राखी तंबू उभारला. आत बायका भिंतीकडं तोंड करून बुरुलच्या नावानं विलाप करत होत्या, मीही करत होते, पण तोंड आपलं चालत होतं आणि आत काही नव्हतं. बाहेर पुरुष कमरेला शेला बांधून, काठीवर वाकून उभे. पाहुणा दिसला की त्यांनी मोठ्यानं हंबरडा फोडायचा, अशी आमची रीत. तोल्कुन काठीवर वाकून उभा होता. पाहुणे आले, गेले. त्याच्या तोंडातून आवाज निघाला नाही. डोळे कोरडे. त्याच्या कमरेचा शेला सुटला तर दुसऱ्यानं बांधून दिला, तेही त्याला समजलं नाही.

मग कुजबुज सुरू झाली. लोकांना काय, तोंड आहे. "स्वतः पट्टा लावला आणि बायकोला मोकळं ठेवलं. रडेल कशाला?" आमच्या बायकांतलीच एक तंबूत हे बोलली. जिपारा माझ्या शेजारी बसली होती. तिनं ऐकलं. त्या दिवसापासून ती बापाशी बोलेना. झोपायला माझ्याकडं यायची.

पुढं थोड्या दिवसांनी गाडी दुरुस्त करणारा मेदेर दुकानात आला. मला एजे म्हणजे ताई आणि तोल्कुनला बाइके म्हणजे दादा म्हणतो. मोठा बोलका माणूस, कुठं गप्प बसावं ते कळत नाही. टेबलावर त्यानं पट्टा गुंडाळून घेणाऱ्या तीन चकऱ्या मांडल्या.

"उलकान एजे, तोल्कुन बाइके कुठंयत? नव्या कोणत्या बसवायच्या ते विचारायचंय. या दोन मेल्या. ही चांगली आहे, दुसऱ्या गाडीची."

"मेल्या म्हणजे?" मी विचारलं. जिपारा खिडकीशी चहा पीत होती.

"ही धरा. सरळ धरा, तिरकी केली की आतली गोळी घरंगळते आणि ती अडकते. आता पट्टा हळू ओढा."

मी ओढला. मुकाट आला.

"आता हिसका द्या."

हिसका दिला तर जागच्या जागी घट्ट.

"हे असंय. गाडी धडकून थांबते, पण माणूस थोडाच थांबतो? तो आधीच्याच वेगानं काचेकडं निघालेला असतो. हिसका बसला की आत दातेरी चाकात खुंटी पडते आणि पट्टा त्याला धरतो. पण आपण जाडजूड कोट घालून बसतो, पट्टा ढिला असतो. म्हणून इथं चिमूटभर बंदुकीची दारू ठासलेली असते. धडक कळली की ती उडते, पट्टा मागं ओढते आणि माणसाला सीटला चिकटवते. एकदा उडाली की चकरी मेली, पुन्हा कामाची नाही."

"आणि एवढं घट्ट धरल्यावर बरगड्या नाही मोडत?"

"तेच तर! आतला हा दांडा पिळत जातो आणि थोडा थोडा पट्टा सोडतो. ही बाइकेंची चकरी, मी उघडली. बघा, दांडा कसा पिळलाय."

दांडा पिळून काढलेल्या फडक्यासारखा झाला होता. मी त्याच्यावरून बोट फिरवलं.

जिपारा उठून टेबलाशी आली. "दुसरी आईच्या बाजूची?"

"हो. तीही उडाली. दांडा मात्र सरळ आहे, कारण खेचायला कुणी..." आता कुठं त्या मेल्याला आपण काय बोलतोय ते कळलं.

"पट्टा लावलेलाच नव्हता तर उडाली कशी?"

मेदेर माझ्याकडं बघायला लागला. मी पेला पुसायला लागले. शेवटी तो चकरीकडं बघत म्हणाला, "पट्टा बकलात होता. खोळीखाली. गाडीला वाटलं, बाईला बांधलंय. म्हणून तिनं ओढलं. खोळ ओढली गेली सीटला. आई तिच्यावर बसली होती."

नेमका तेव्हाच तोल्कुन दारातून आत आला. जिपारा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी बोलली.

"आईचा पट्टा खोळीखाली बांधून ठेवला होता?"

"हो."

"आणि स्वतः लावला होता?"

"हो."

"तिनं मागितला असता तरी मिळाला नसता?"

"नसता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, सांग की तिला! फट कुणी शिवली ते सांग! मी तोंड उघडलंच होतं. "जिपारा, ऐक, ती फट..."

"उलकान," तोल्कुन म्हणाला, "चहा दे."

असं त्यानं बघितलं माझ्याकडं, की मी किटलीच उचलली. मी चहा ओतला. त्यानं तो प्यायलाही नाही.

जिपारा म्हणाली, "चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं की मी जाते. पुन्हा या घरी येणार नाही. तुम्हीही माझ्याकडं येऊ नका."

त्यानं मान हलवली. कुणी सांगितलं, उद्या वारा सुटेल, तर माणूस जशी हलवेल तशी. पण त्याला आता जगात तेवढी एकच उरली होती, आणि तीही चालली होती. जिपारा बाहेर गेल्यावर मी त्याला वाट्टेल ते बोलले. "मूर्खा, मुलगी हातची जाईल! खरं सांगायला काय धाड भरलीय तुला?"

"आईवर रागावून कुठं जाईल ती?" तो म्हणाला. "माझ्यावर रागावू दे. मी आहे ना जिवंत."

मेदेरनं गाडी पुन्हा चालती केली, नव्या चकऱ्या बसवल्या. खोळीची फट उसवू का विचारलं, तर तोल्कुन म्हणाला, हात लावू नकोस. नवा पट्टा दाराशी लोंबकळत होता आणि बकल बुरुलच्या शिवणीखाली. पुढच्या सीटवर तो कुणाला बसू देईना.

चाळिसावा झाला. दुसऱ्या दिवशी जिपारा बॅग घेऊन थांब्यावर आली. दुसऱ्याच्या गाडीत जागा धरली होती. बापासमोर येऊन म्हणाली, "आईची खोळ द्या. ती मी नेणार."

त्यानं दार उघडून दिलं आणि बाजूला झाला. जिपारा गुडघे टेकून वाकली, खोळीच्या गाठी सोडायला लागली, आणि तिची बोटं थांबली. लाल त्रिकोणावर. मी दुकानाच्या दारात उभी होते, मला सगळं दिसत होतं. तिनं तो त्रिकोण चाचपला. तिच्या लहानपणच्या प्रत्येक फ्रॉकवर तो होता.

"ही फट कुणी शिवली?" वर न बघता तिनं विचारलं.

"मी," तोल्कुन म्हणाला.

"तुम्ही?"

"मीच शिवली."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही."

तो हात खाली सोडून उभा राहिला. जिपारा तशीच बसून राहिली, गुडघे टेकून, बुरुल बसली होती तशीच. माझ्या छातीत काहीतरी सरकलं, पण तेवढंच. मग तिनं माझ्याकडं हात केला, "एजे, कात्री."

मी दिली. बापानं कापड ताणून धरलं, तिनं एकेक टाका उसवला. दोरा तोडला नाही, बोटाला गुंडाळून खिशात ठेवला. फट उघडली, आत बकल होतं. दुसऱ्या गाडीवाल्याला तिनं हातानंच जा म्हणून सांगितलं आणि पुढच्या सीटवर बसून पट्टा ओढला. खट्ट आवाज झाला. थांब्यावरच्या एकानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मी पळी उगारली.

तोल्कुन वाकून बघत होता. "पीळ पडलाय, सरळ कर. खालचा पोटावर नको. कमरेच्या हाडावर घे." बुरुल गेल्यापासून लेकीशी तो एवढं लांब बोलला नव्हता.

"आता?"

"आता ठीक." त्यानं पट्ट्याला एक हिसका देऊन पाहिला. धरला. पुन्हा दिला. पुन्हा धरला. मग फिरून आपल्या बाजूला बसला आणि स्वतःचा लावला.

परतल्यावर तो सकाळी दुकानात आला. दार ढकललं, पण ओरडला नाही. मी चहा पुढं ठेवला. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण जीभ कुठं ऐकते माझी? "पोचली का पोरगी? काही बोलली?"

"चौकी गेली. वळण आलं." तो पेल्याकडं बघत होता. "तिनं पिशवीतून बोरसोक काढून दिला. मी गाडी बाजूला घेतली. थांबवली. मग खाल्ला."

"आणि?"

"आणि रडायला लागलो, उलकान. पट्टा काढायचं सुचलंच नाही. हुंदका आला की मी पुढं जायचो, आणि दर वेळी तो मला धरायचा."

त्यानं पेला उचलला आणि चहा पिऊन टाकला. गार झाला होता, मी दुसरा ओतला.