कुंपणातला निळ्या डोळ्यांचा नाग

आश्विन पौर्णिमेला विहारात फुलं न्यायची पाळी यंदा माझी होती. अंगणात तगर आहे, वर्षभर पांढरीशुभ्र फुलते. अडचण एकच, शेजारच्या किराणा दुकानवाल्या वहिनी. मी गुडीहत्नूरला राहायला आले तेव्हापासून त्या रोज पहाटे कुंपणावरून हात घालून माझी फुलं त्यांच्या देवाला नेतात. बोललं तर म्हणतात, "देवाच्या फुलाले काय इचारा लागते, मॅडम?"

पौर्णिमेला महिना असताना त्याच झाडावर मला चार अळ्या दिसल्या. बोटाएवढ्या जाड, पोपटी, कडेला पांढरे ठिपके, शेपटीला पिवळं शिंग. काडी लावली की तोंड आत ओढून मान फुगवायच्या आणि मानेवर दोन निळे डोळे उघडायचे. डोळे खोटे, पण थेट माझ्याकडे बघणारे. मी शाळेत विज्ञान शिकवते. अळ्या वेचून टाकायला हव्यात हे मला कळत होतं. मी त्यातली सगळ्यात जाडी उचलली आणि कुंपणाकडच्या फांदीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे किंकाळी आली.

"मॅडम! तुमच्या झाडात नागाचं पिल्लू हाये! निळ्या डोयाचं! फणा काढून राह्यलं!"

"हो का?" मी दात घासत म्हटलं. "मग जपून, वहिनी."

तेव्हापासून वहिनी बाजारातून झेंडू आणू लागल्या. कुंपणाशी वाटीत दूधही ठेवायच्या. ते गल्लीतलं मांजर प्यायचं. आठवडाभर मी खुशीत होते. अळ्या किती खातात, इकडे माझं लक्षच नव्हतं. आधी पानं गेली, मग कळ्या. दहाव्या दिवशी झाडाच्या काड्या उरल्या आणि अळ्या तपकिरी होऊन मातीत उतरल्या. वर्गात दाखवायला एक मी बरणीत ठेवली.

झाडाला पालवी फुटली, पण कळी एकही नाही. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी बरणीतून पतंग निघाला. गर्द हिरवा, त्यात गुलाबी छटा आणि पांढरट रेघा. तेवढ्यात वहिनी विरजण मागायला आल्या.

"अगं माय! किती सुंदर हाये! कुठचं फुलपाखरू?"

"तुमचा नाग, वहिनी."

फुलं तर गेलीच होती, आता लपवून काय मिळणार? मी सगळं सांगून टाकलं. त्या आधी पतंगाकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे मी अळीले दूध पाजून राह्यली होती? अन् तुमी खिडकीतून पाहून राह्यल्या?"

"हो."

"शिकलेली बाई अन् असे धंदे!" मग त्यांनाच हसू आवरेना. "बरं, उद्या इहारात काय नेता?"

"तीच काळजी आहे."

"काऊन काळजी करता? पाचले तयार राहा. पिशवी आना. कोणाच्या घरी तगर हाये, मले समदं ठाव हाये."

पाचला मी तयार होते. आधी पोस्टामागचं घर झालं, मग एका रिटायर्ड हेडमास्तरांचं कुंपण.

"तुमचा हात वर पुरते, वरची तुमी घ्या," वहिनी कुजबुजल्या.

अर्ध्या तासात पिशवी भरली.

विहारात सगळ्यांनी फुलांचं कौतुक केलं. मग पंचशील सुरू झालं. न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील मी जरा हळू आवाजात म्हटलं.