नामपूरच्या पाच काड्या

मी घाईचा माणूस आहे, हे बायकोने लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं. दही लागलं का ते बघायला मी त्यात बोट घालतो. कुकरची वाफ जिरेपर्यंत मला दम निघत नाही. शिट्टी चमच्याने उचलतो, आणि मग डाळ भातावर कमी आणि भिंतीवर जास्त असते. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग ही म्हण ह्यांना बघूनच कोणीतरी केली असणार," असं ती आल्यागेल्याला सांगते. नोकरीत होतो तोवर माझी घाई ऑफिसने सोसली. निवृत्त झालो आणि सगळी घाई घरी येऊन बसली.

त्याच दिवसांत सासूबाई आमच्याकडे आल्या. आल्या म्हणजे काय, आणाव्या लागल्या. सासरे गेल्यापासून नामपूरला त्या एकट्याच राहत. अंगणात पाय घसरून पडल्या आणि डावं मनगट मोडून घेतलं. शेजारणीचा फोन आला तशी बायकोने मला गाडी काढायला लावली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लॅस्टरसकट आई नाशिकला, इंदिरानगरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर. येताना त्यांनी दोनच गोष्टी घेतल्या: कपड्यांची एक पिशवी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या गुलाबाच्या पाच काड्या.

त्यांच्या दाराशी गावठी गुलाबी गुलाबाचं झाड आहे. वास असा की ओसरीत बसलं तरी येतो. दर उन्हाळ्यात त्या त्याचा गुलकंद करतात आणि एक बरणी नाशिकला येते. मी सासुरवाडीला माणसांसाठी कमी आणि त्या बरणीसाठी जास्त जातो, असं बायको म्हणते. ते अगदीच खोटं नाही.

बायकोचं म्हणणं, आईने आता इथेच कायमचं राहावं. आईंचं म्हणणं, प्लॅस्टर निघालं की निघाले. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, जावयाच्या ताटातलं किती दिवस खायचं, हा त्यांचा मुद्दा. त्यांच्या आईने म्हणे लेकीच्या घरचं पाणीही कधी पिऊन पाहिलं नव्हतं. मी समोर आलो की अजून त्यांचा हात पदराकडे जातो. मायलेकींचं दोन दिवस वाजलं, मग दोघी रडल्या, मग दोघींनी चहा घेतला. तिसऱ्या दिवशी आईंनी निकाल दिला. त्यांची बोली बागलाणातली, मला अर्धीमुर्धी कळायलाच पंचवीस वर्षं लागली. तिचा मराठीत अर्थ असा, की ह्या पाच काड्या इथे लावू. सव्वा महिना वाट बघू. एकीने जरी इथल्या मातीत मूळ धरलं तर मीही धरीन. नाहीतर मला मुकाट गाडीत बसवून द्यायचं, आणि मग कोणी रडायचं नाही.

त्यांचा एक हात गळ्यात बांधलेला. म्हणजे लावणार कोण? मी.

स्वयंपाकघरात बायकोने मला गाठलं. "हे बघा, आयुष्यात तुम्ही माझं पुष्कळ काही बिघडवलंत, मी काही बोलले नाही." हे खोटं होतं. "पण ह्या काड्या मारू नका. आई तिकडे एकटी परत गेली तर मला घास गोड लागणार नाही." डोळे भरले होते तिचे. मी म्हटलं, काड्याच तर आहेत, त्यात काय एवढं.

आईंची पद्धत साधी होती. काडीचं खालचं टोक डोळ्याखाली, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या गाठीखाली, तिरपं कापायचं. कोरफडीचं पान चिरून तो बुळबुळीत गर त्याला चोळायचा. वरच्या टोकाला शेणाची टिकली लावायची, म्हणजे काडी वरून वाळत नाही. निम्मी वाळू, निम्मी माती, दोन डोळे आत आणि दोन बाहेर. वर तळ कापलेली बाटली पालथी. सावलीत ठेवायचं, आणि सव्वा महिना हात लावायचा नाही. बाळंतिणीला कसं खोलीत ठेवतात, वारा लागू देत नाहीत, कोणी सारखं डोकावत नाही, तसं.

कोरफड गॅलरीत होती. शेणासाठी स्कूटर घेऊन गंगापूर रोडच्या पुढे एका गोठ्यापर्यंत गेलो. परत आलो तर लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. पिशवीकडे बघत त्यांनी पदर नाकाला लावला आणि "काय आणलंत?" म्हणून विचारलं. मी "औषध" म्हटलं. तेव्हापासून त्या माझ्या तब्येतीची चौकशी करतात.

पाच कुंड्या ओळीने लागल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या बोटांना चैन पडेना.

आत काय चाललंय ते कळत नाही हो. काडी नुसती उभी. जिवंत आहे, मेली आहे, काहीतरी सांग ना बाई. चौथ्या दिवशी सकाळी, घरात कोणी उठलेलं नसताना, मी पहिल्या कुंडीतली काडी हळूच उपटली, खालचं टोक पाहिलं, काही नव्हतं, परत खोचली. पाचव्या दिवशी परत. सातव्या दिवशी ती काळी पडली.

मग मी मोबाईलकडे वळलो. तिथे काडी जगवणारे इतके गुरू आहेत की नाशकात एकही काडी मरायला नको. एक म्हणतो दालचिनीची पूड लावा, दुसरा म्हणतो मध लावा, तिसरा शहाळ्याच्या पाण्यात बुडवायला सांगतो. सगळं कसं नैसर्गिक, घरगुती, रसायन अजिबात नाही. दुसरी काडी उपटून तिला मी मध आणि दालचिनी दोन्ही लावलं, उगाच एकाला वाईट वाटायला नको. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग गॅलरीपासून थेट देव्हाऱ्यापर्यंत. बायको मसालेभातासाठी दालचिनी शोधत होती, तिला ती कुंडीत सापडली. तिसऱ्या काडीसाठी शहाळं आणलं. अर्धं मी प्यालो, अर्ध्यात काडी ठेवली. ती अशी आंबली की खालच्या मजल्यावरून विचारणा आली.

आई हे सगळं गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बघत होत्या. जावयाला बोलायचं कसं, म्हणून बोलत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, "घाई कसानी शे, जवाईबापू?"

चौथी काडी मी बटाट्यात खोचून लावली. बटाटा ओलावा धरतो, काडी तो पीत राहते, असं त्या व्हिडिओतला माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता. आणि काय सांगू, आठवडा झाला नाही तर कुंडीत हिरवा कोंब. मी अख्खं घर गोळा केलं. बायको हातातली कणीक तशीच घेऊन धावत आली. "आई, लागलं बघा. राहायचं आता," मी म्हणालो. आई वाकल्या, कोंबाचं एक पान चिमटीत धरलं, चुरडलं, हुंगलं आणि सरळ झाल्या.

"चला, भाजीनी सोय व्हयनी," त्या म्हणाल्या.

बटाटा उगवला होता. गुलाबाची काडी मध्ये शेजाऱ्याच्या लग्नात उभं राहावं तशी कोरडीठाक उभी होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. बायको आधी पोट धरून हसली आणि मग आत जाऊन एकदम गप्प झाली. ते गप्प होणं मला लागलं.

राहिली पाचवी. ही आईंच्या पद्धतीची, कोरफड आणि शेणाची. तिला हात लावणार नाही, अशी मी गणपतीपुढे उभं राहून शपथ घेतली. ती दोन दिवस पाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, आपण उपटत थोडीच आहोत, जरा हलवून बघू. हलवली, तर किंचित अडल्यासारखं वाटलं. मग मात्र मला राहवेना. बाहेर काढली. खालच्या टोकाला पांढरी फुगीर गाठ धरली होती, आणि तिच्यातून मोहरीएवढं एक मूळ बाहेर डोकावत होतं. जिवंत होती ती. माझा अंगठा लागला आणि ते मूळ तुटून माझ्या नखाशी चिकटलं.

मी गॅलरीत खाली बसलो. साठीला आलेला माणूस, हातात काडी, आणि रडू येत होतं. कोणासाठी येत होतं कोण जाणे. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. सासूबाईंनी पहिल्या दिवाळसणाला मला आग्रह करकरून चार पुरणपोळ्या वाढल्या होत्या, तेवढं मात्र त्या वेळी का कोण जाणे आठवलं. ती काडी मी परत खोचली, पण दोन दिवसांत ती वाळली. घरात अजून कोणाला ते कळलं नव्हतं.

आता आमच्याकडे एक समजूत आहे. मागून आणलेलं रोप जगेल न जगेल, चोरून आणलेलं हमखास लागतं. मनी प्लांट लोक असेच आणतात. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना गुलाबांचं भारी वेड. नुकतीच त्यांनी सगळ्या झाडांची छाटणी केली होती. फांद्यांचा ढीग फाटकाशी पडला होता, त्यातली एक उचलली असती तर कोणी विचारलंही नसतं. पण कचऱ्यातून उचललं तर ती चोरी होते का? मला खात्री वाटेना, आणि एवढ्या महत्त्वाच्या कामात कच्चा धागा नको. सकाळी फिरायला जाताना कंपाऊंडवरून हात घातला आणि जिवंत झाडाचीच फांदी कापली. बाहीत लपवून वर आणली. तिरपा काप, कोरफड, शेण, सगळं आईंच्या पद्धतीने, त्याच पाचव्या कुंडीत, त्याच बाटलीखाली.

आणि ह्या काडीला मी हात लावला नाही. खरंच नाही. सकाळी जाग आली की दोन्ही हात उशीखाली घालून पडून राहायचो. गॅलरीत कपडे वाळत घालायचं कामही सोडलं. बायकोला वाटलं, मला ताप आहे. मास्तर जिन्यात भेटले की मी वरच्या पायऱ्यांकडे बघायचो; चोराच्या मनात चांदणं.

आईंचं प्लॅस्टर निघालं आणि दोन दिवसांनी सव्वा महिना भरला. त्यांची पिशवी भरलेली होती. ती दाराशी ठेवून त्या गॅलरीत आल्या. बायको माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला मानेवर कळत होता. चार कुंड्या रिकाम्या होत्या, म्हणजे एकीत बटाटा होता. पाचवीवरची बाटली आईंनी उचलली. काडीला दोन कोवळी, तांबूस पानं होती.

पानांकडे त्यांनी पाहिलंही नाही. पानं काय, काडीतल्या रसावरही फुटतात. प्लॅस्टरखाली गोरटलेल्या हाताने त्यांनी काडी चिमटीत धरली आणि अगदी हलकं वर ओढलं. ती आली नाही. मग त्यांचं बोट काट्यांवर थांबलं. त्यांच्या गुलाबाचे काटे बारीक, दाट, कुसळासारखे. फूल तोडताना त्यांनी ते चाळीस वर्षं बोटांत मोडून घेतलेत. ह्या काडीवर चारच काटे होते, जाड आणि वाकडे. त्यांनी पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत पाहिलं असेल.

"लागनी," त्या म्हणाल्या. "मन्हीच शे." माझीच आहे, म्हणे.

बायको तिथेच त्यांच्या गळ्यात पडली. पिशवी मी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन रिकामी केली, कोणी मत बदलायच्या आत.

नंतर एकदा दुपारी मी मनाचा हिय्या केला. "आई, त्या काडीचं एक सांगायचं होतं," म्हटलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी मला झाडाला पाणी घालायला पाठवलं. विषय संपला.

कळी धरली तेव्हा मी देवाला म्हटलं, गुलाबी कर रे बाबा. देवाला असल्या कामात रस नसतो. फूल उमललं ते हळदीसारखं पिवळंजर्द, आणि वासाच्या नावाने शून्य. बायको बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "आई, आपला तर गुलाबी होता ना गं?"

"पानी बदलनं," आई म्हणाल्या.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं, ते सुलटं केलं. त्या दिवशी तिने मला न मागता दुसरा चहा दिला.

संध्याकाळी मास्तर खाली अंगणात आपल्या पिवळ्या गुलाबांना पाणी घालत होते. त्यांनी सहज वर पाहिलं आणि पाहतच राहिले. पाइप तसाच वाहत होता. "हा गुलाब कुठून आणलात हो?" त्यांनी खालून विचारलं. मी खुर्चीत खाली सरकलो. आई कठड्याशी गेल्या, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि ज्या आवाजात त्या गावात शेजारणीला हाक मारतात त्या आवाजात त्यांनी उत्तर दिलं.

"नामपूरनं झाड शे. मन्हा दारनं."