मालकांचे कान शाबूत होते

"आजी, हा जीबीएस आहे," डॉक्टर म्हणाले. "रोगाशी लढणारी अंगातली ताकद चुकून स्वतःच्याच नसांवर उठते. पायापासून वर चढतं. आता छातीपर्यंत आलंय. व्हेंटिलेटर लागेल."

माझी शाळा चौथीपर्यंत. मी विचारलं, "माणूस वाचतो का मरतो?"

"बरेच वाचतात. यांचं आज सांगता येणार नाही."

त्याआधी मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जुलाब झाले होते. मग पायाला मुंग्या आल्या. चप्पल निसटली तरी त्यांना कळेना. म्हातारपण म्हणून मी तेल चोळत बसले. तुम्ही बसू नका. पायातलं बळ दिवसागणिक जात असेल तर मोठा दवाखाना गाठा.

व्हेंटिलेटर म्हणजे श्वास देणारं यंत्र. त्याची नळी तोंडातून घशात जाते. मालकांचे हातपाय हलेनात, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला दहा मिनिटं आयसीयूत सोडायचे. मेंदू चांगला आहे, असं डॉक्टर आणि यमुना सिस्टर दोघंही सांगत. मी मान हलवायची. डोक्यात काही शिरत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी अक्कलकोटकडून धाकटे दीर आले. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. पलंगाशी उभं राहूनच ते कानडीत बोलायला लागले. सिस्टरला काय कळतंय, असा आमचा समज.

"वैनी, खड्डा कुटं घ्यायचा? रानाला पाणी सोडायच्या आत सांगा. नायतर चिखल हुतो."

"आंब्याखाली घ्या," मी म्हणाले.

मॉनिटर, म्हणजे हृदयाचे ठोके दाखवणारा पडदा, वाजायला लागला. यमुना सिस्टर धावत आली. तिनं नळी तपासली, मालकांच्या कपाळावर हात ठेवला आणि आमच्याकडं न बघता कानडीतच म्हणाली, "दोगंबी बाहेर व्हा."

थोड्या वेळानं ती बाहेर आली. "माझी आई तिकडचीच. आजी, त्यांच्या नसा गेल्यात, कान न्हाय गेले. सगळं ऐकलं त्यांनी."

"मग आदी सांगायचं की," दीर म्हणाले.

"चार दिवस सांगतीया. कुणी ऐकलं?"

घरच्यांनीच खड्डा ठरवला म्हटल्यावर माणूस हाय खातो. मग औषध काय करणार? मी तिला तेच विचारलं.

"पाचला या. तुमीच बोलायचं. रडायचं न्हाय. मी शेजारी उभी राहते."

पाच वाजता तिनं शिकवलं. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही.

मी म्हणाले, "चुकलं माझं. खड्डा कुणी खणत न्हाय. ऐकू येतंय का?"

काहीच झालं नाही. मला वाटलं, संपलं. सिस्टर म्हणाली, "थांबा. त्यांना वेळ लागतो."

मग पापणी मिटली. एकदा.

"रागावलाय?"

लगेच मिटली. एकदाच.

"रागवू द्या की," सिस्टर म्हणाली. "जोर हाय अजून."

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला काम लावलं. आज वार कोणता, घरी काय शिजलं, ते सांगायचं. हात धरण्याआधी 'हात धरते' म्हणायचं. पुढं ट्रॅकिऑस्टोमी करावी लागली, म्हणजे गळ्याला छेद देऊन नळी तिथून घातली. त्यासाठी नेण्याआधी तिनं मालकांना सगळं समजावलं आणि पापणीनं होकार घेतला. ते यंत्रावरून सुटेपर्यंत महिना गेला.

'धीर धरा' असं ती मला एकदाही म्हणाली नाही. बोलायला मात्र लावलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत.

मालक आता काठी धरून चौकापर्यंत जातात. त्या सकाळबद्दल ते आजवर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तुमचं माणूस आत असेल तर सिस्टरला आधी विचारा, याला काय काय कळतंय? आणि ती सांगेल ते खरं माना. हलत नाही, बोलत नाही म्हटल्यावर आपण माणसाला जिन्नस समजायला लागतो. मला त्याला चार दिवससुद्धा लागले नाहीत.