हललं की झिजलं

तवनाप्पामामांना दुसऱ्याचं मत कधी लागलंच नाही. शिरोलीच्या फौंड्रीत हयात घालवलेल्या माणसाला लोखंड कळतं आणि लोखंड कळलं की सगळं कळलं, अशी त्यांची समजूत. त्या समजुतीनंच त्यांची मान खाल्ली.

मानेच्या मणक्यांमधल्या तीन चकत्या दबल्या, हात बधिर व्हायला लागले. डॉक्टरांनी नीट समजावलं, "खालच्या दोन ठिकाणी हाडं पट्टी-स्क्रूनं जोडू. वर हलणारी कृत्रिम चकती बसवू. तेवढी मान फिरती राहील."

"हलणारं नगं," मामा गरजले. "हललं की झिजलं. तिन्ही बी एकजीव करा."

"आवं, डॉक्टर सांगत्यात ते ऐका की," अंजनामामी म्हणाली. ऐकतील तर ते मामा कसले!

तिन्ही ठिकाणी पट्टीच ठोकून घेतली. पुढं आल्यागेल्याला एक्स-रे दाखवायचे. "बघा पावणं, एक स्क्रू ढिला न्हाय!" खरंच नव्हता. काही वर्षांनी झिजल्या त्या शेजारच्या, वरच्या आणि खालच्या चकत्या. एक बेअरिंग जाम झालं की शेजारच्यावर ताण येतो, हे मामांनीच कामगारांना शिकवलेलं. स्वतःच्या मानेपाशी मात्र ते विसरले, याचाच मला संताप येतो.

"तेव्हा हलणारी चकती बसवली असती तर?" मी डॉक्टरांना विचारलं.

"कदाचित निभावलं असतं. खात्री तेव्हाही नव्हती." आता पट्टी दोन्हीकडं वाढवायची, नाहीतर हात जाणार. वाढवली की मान उरलीसुरली हलायचीही बंद.

ऑपरेशनच्या आधी मामा हट्टानं बाहुबलीच्या दरवर्षीच्या अभिषेकाला गेले. लहानपणापासून त्यांनी तो चुकवला नव्हता. एवढी उंच मूर्ती, मस्तकावरून दूध ओघळत होतं आणि मान वर न होणाऱ्या मामांना दिसत होते मूर्तीचे नुसते गुडघे.

"डोसक्यावर पडलं का गं?"

"पडलं की," मामी म्हणाली.

 मामा मामीच्या खांद्याला धरून खाली बसले आणि पांढऱ्या धोतरानिशी ओल्या फरशीवर उताणे झाले. लोक धावले. "म्हातारं पडलं! पाणी आणा!"

"पडलो न्हाय," मामा ओरडले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानांत चाललं होतं. "सरा बाजूला. देवाचं तोंड बघू द्या."

मामी दोन्ही हातांनी लोकांना मागं सारत राहिली.