गहाळ ग्रंथ: एक

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं वार्तापत्र दर महिन्याला मीच लिहिते. नवी पुस्तकं, संग्रहातली वैशिष्ट्यं, कोण पाहुणे येऊन गेले, वाचनकक्षातला एसी कधी दुरुस्त होणार. ताथवड्यातली आमची इंजिनिअरिंगची मुलं ते उघडूनही बघत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे आजवर ते मी एका बैठकीत लिहून टाकायचे. या खेपेला पहिल्याच बातमीवर अडले.

बातमी मोठी होती. पिंपरीतल्या एका बंद पडलेल्या कंपनीचं कामगार वाचनालय आम्हाला देणगी म्हणून मिळालं होतं. पुस्तकांची खोकी, कार्डांचे लाकडी खण, नोंदवह्या, सगळं. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी नोंदवही पडताळली आणि माझ्यासमोर ठेवली. "हे ठळक छापा. इतक्या वर्षांत फक्त एकच पुस्तक गहाळ. मोठा इंग्रजी-मराठी शब्दकोश."

तो शब्दकोश माझ्या घरी होता. पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये, पलंगाच्या खणात, जुन्या साड्यांखाली.

माझे वडील त्याच कंपनीत प्रेस शॉपला, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या खात्यात, होते. दहावीच्या वर्षी दर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, मी त्यांच्या कार्डावर वाचनालयात जाऊन बसायचे. कोश घरी न्यायला मनाई होती. परीक्षेच्या तोंडावर मी तो दप्तरात घातला. आठ दिवसांत गुपचूप आणून ठेवायचा, असं ठरवलं होतं. पण त्याच आठवड्यात पुस्तकांची वार्षिक मोजणी निघाली, वाचनालयात बोंबाबोंब झाली, आणि माझी पाचावर धारण बसली. वडिलांची नोकरी जाणार, या भीतीनं मी पुन्हा तिकडं पाऊलच टाकलं नाही. शिक्का असलेलं पहिलं पान फाडलं आणि सुटले असं समजले.

पुढे ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात सरांनी सांगितलं, की ग्रंथालयं आतल्या एका ठरलेल्या पानावरही एक शिक्का मारून ठेवतात. बाहेरच्या कुणाला ते पान माहीत नसतं. घरी येऊन मी एकेक पान उलटलं. एकतिसाव्या पानावर जांभळा शिक्का होता. ग्रंथपाल व्हायला निघालेल्या चोराला याहून चांगला धडा कोण देणार! त्या दिवसापासून ती भीती माझ्या घरातच राहायला आली.

वार्तापत्र छापायच्या आदल्या दिवशी कोश पिशवीत घालून आणला. गेटवरचा वॉचमन नुसता "नमस्कार ताई" म्हणाला, तरी मी पिशवी पदराखाली घेतली. खोक्यांच्या ढिगात कोश सरकवला, तासाभरानं स्वतःच शोधून काढला आणि मॅडमना दाखवला. मॅडम खूश. 'एकही पुस्तक गहाळ नाही' हा मथळा मीच लिहिला. लाज वाटायला हवी होती, मला मात्र हायसं वाटलं.

संग्रहाच्या उद्घाटनाला त्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल आले. काठी टेकत ते थेट कोशापाशी गेले, एकतिसावं पान उघडलं आणि मटकन खुर्चीत बसले. आता संपलंच, असं मला वाटलं. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "म्हणजे त्यानं नेला नव्हता."

"कुणी, सर?"

"एक फिटर होता, परभणीकडचा. पहिली शिफ्ट सुटली की रोज हाच कोश घेऊन बसायचा, सुट्टीच्या गुरुवारीसुद्धा यायचा. त्याच्याशिवाय कोण नेणार, म्हणून चारचौघांत त्याची झडती घेतली मी. कार्ड काढून घेतलं. तो शपथा घेत होता, मी ऐकलं नाही."

मला तो आठवला. समोरच्या बाकावर बसून, बोट ठेवून, एकेक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायचा. हे झडतीचं वडील घरी कधी बोलले नव्हते.

"खोक्याच्या तळाशीच पडला होता सर, कुणाचीच चूक नाही," मॅडम म्हणाल्या. मला आयती सुटका मिळाली होती. नुसतं गप्प राहायचं होतं. नोकरी, पेन्शन, माझी मुलगी काय म्हणेल, सगळं एकदम डोक्यात आलं.

"खोक्यात नव्हता," मी म्हणाले. "माझ्या घरी होता. मी नेला होता."

मॅडमनी हातातलं वार्तापत्र खाली ठेवलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. निमंत्रणासाठी जमवलेल्या जुन्या कामगारांच्या यादीत त्या फिटरचा चाकणचा नंबर होता. सरांनी फोन हातात घेतला, तो लावला, आणि रिंग वाजायला लागताच माझ्या हातात दिला. "तुम्हीच बोला. मला नाही जमणार."

मी सगळं सांगितलं. माफी मागितली. तुमचं कार्ड परत द्यायचंय, हवं ते पुस्तक न्यायला एकदा या, असंही म्हणाले. पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. तो आता शिव्या देईल म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"आता काय करू पुस्तकाचं, ताई," तो म्हणाला. "शाळेची सोडली तर एकबी पुस्तक मी घरात येऊ दिलं न्हाई. पोरगी लई मागायची. उद्या कुणी येऊन विचारलं, कुठून आणलं, तर काय सांगितलं असतं?"