कडेतली खाच

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी उमरग्याच्या फोटोमास्तरांचं नाव घेतो. आजही घेतो. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. फोटोमास्तर म्हटलं की मोटारस्टँडवरचा हमालही बोट करून दुकान दाखवायचा.

कुणी जुना फोटो घेऊन आला की मास्तर आधी तो उलटा करायचे. समोरचा कौतुकाने सांगत असायचा, "हे आमचे पणजोबा," आणि मास्तर पणजोबांना पालथं घालून पुठ्ठ्याची पाठ निरखत बसायचे.

"आधी पाठ, मग तोंड," ते म्हणायचे. "तोंड कुणीबी सजवतंय. पाठ सजवायची ध्यानात राहत न्हाय."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. एकाच कामात इतका मुरलेला, की त्याला जगातली प्रत्येक गोष्ट त्या कामातूनच दिसते. मास्तर बाजारात भाकरीसुद्धा उलटून बघून घ्यायचे.

मी बी.ए.साठी उमरग्याला आलो तेव्हा खोलीसाठी चार दारं फिरलो. चारही ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेली असं सांगितलं. पाचवं दार स्टुडिओचं होतं. मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अंडी खातूस का?"

"खातो."

"मग मागची खोली तुझी."

या प्रश्नाचा अर्थ रविवारी कळला. निजामाच्या अमलात मास्तर हैदराबादला एका उस्तादाकडे काम शिकले होते. अंड्यातलं पांढरं कागदाला लावायचं, वाळल्यावर त्याच्यावर चांदीचं औषध चढवायचं, चित्र उतरलेली काचेची प्लेट त्या कागदावर दाबून उन्हात ठेवायची. ऊनच फोटो छापायचं. साऱ्या दुनियेनं ही रीत केव्हाच सोडली होती. मास्तरही पोटापाण्याचं काम फिल्मवरच करत. पण रविवारी पाच-सहा अंडी फुटायचीच. "पांढरं फोटोला, पिवळं पोटाला," असं म्हणत ते पिवळ्याची तिखट भुर्जी करायचे आणि मला हाक मारायचे, "या कालेजवाले!" तीन वर्षं मी त्या कलेवर पोसलो, असं म्हटलं तरी चालेल.

ते फोटो इतके जुने दिसायचे की पाहणारा फसलाच पाहिजे. म्हणून मास्तर प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचे, 'आत्ताचा', आणि खाली साल. एकदा हैदराबादहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. बेगमांसारखे कपडे घालून बायका बसवू, तुम्ही फोटो काढा, पाठीवर मात्र काही लिहू नका, असं त्याचं म्हणणं होतं. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवला.

"जुन्या रीतीनं काढलेला नवा फोटो खोटा नसतोय, शेठ. त्याला जुना म्हणलं की खोटा."

मला ते वाक्य तेव्हा एवढं आवडलं की मी वहीत लिहून ठेवलं. पुढे मी मास्तर झालो, शाळेत पोरांना सुविचार म्हणून फळ्यावरही लिहिलं. पोरांना काही कळलं नाही, हा भाग वेगळा.

जुनं-नवं ओळखायला त्यांनीच मला शिकवलं. चहात बुडवून पिवळा केलेला फोटो सगळीकडे सारखा पिवळा होतो. काळ मात्र आधी फोटोतल्या उजेडाच्या जागा पिवळ्या करतो. कसरीने खाल्लेलं भोक पुठ्ठ्यातून फोटोत आरपार जातं आणि त्याची कड कुरतडलेली असते. सुईचं भोक गुळगुळीत असतं. फोटो उजेडात तिरका धरला की अंड्याची चकाकी आणि तिच्यातल्या केसासारख्या भेगा दिसतात. "घाई करू नगं," ते म्हणायचे, "फोटो कुठं पळून चाललाय?"

बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी रविवारचं काम बंद केलं. "मानसाला प्यायला न्हाय आन् फोटो काय धुवायचे?" त्या वर्षी आमच्या गावात बौद्धवाड्याच्या अंगाला दुष्काळी कामावर विहीर खोदली गेली. माझ्या आईने तिथे महिनोन् महिने पाट्या वाहिल्या. पाणी लागल्याचा निरोप आला तेव्हा मास्तर म्हणाले, "चल, तुझ्या आईचा फोटो काढू."

सायकलला मोठा कॅमेरा बांधला आणि काचेच्या प्लेटची लाकडी चौकट माझ्या हातात दिली. गावाजवळच्या दगडगोट्यांच्या वाटेवर ती माझ्या हातातून पडली. उजवीकडे खाली चौकटीचा टवका उडाला. मी रडायच्या बेतात आलो होतो.

मास्तरांनी टवक्यावरून अंगठा फिरवला. "असू दे. आता आपल्या प्लेटीला खूण झाली."

आईने त्यांना नव्या विहिरीचं पाणी दिलं. आमच्या घरात बाहेरचा माणूस उंबऱ्याच्या आत येऊन पाणी पितो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मास्तरांनी तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. "गोड हाय, माय. आनखी द्या."

फोटो छापला तेव्हा टवक्यातून शिरलेल्या उजेडाने त्याच्या काळ्या कडेत, उजवीकडे खाली, तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी खाच उमटली. कड कापून टाकायची त्यांची रीतच होती. पण त्यांनी पातं खाली ठेवलं. "गिऱ्हाइकाचा असता तर कापली असती. घरचा हाय, राहू दे." पाठीवर लिहिलं, 'आत्ताचा'.

पुढे दहा-अकरा वर्षांनी गावात सहकारी पाणीपुरवठा सोसायटी निघाली. ऊस सगळ्यांना हवा होता. सोसायटीच्या चेअरमननी आमच्या विहिरीवर मोटार बसवायचं ठरवलं. विहीर आपल्या आजोबांनी निजामाच्या काळात बांधलेली, दुष्काळात सरकारने फक्त गाळ काढला, असं त्यांनी तहसीलला लिहून दिलं. विहीर गेली असती तर आमच्या बायकांना उन्हाळ्यात कोसभर चालावं लागलं असतं. दुष्काळी कामाचे कागद सापडत नव्हते. चेअरमननी मात्र पुरावा आणला होता: विहिरीवर मोट चालू आहे आणि काठावर फेटा व लांब कोट घातलेले आजोबा उभे आहेत, असा फोटो.

तहसीलदारांना कुणीतरी सांगितलं की मला फोटोतलं कळतं. मी तेव्हा तालुक्यातच एका हायस्कुलात शिकवत होतो. आई माझ्याबरोबर आली आणि कचेरीच्या दाराशी बसली.

"बघा गुरुजी, नीट बघा," चेअरमन म्हणाले. "ते काय पोरांचं प्रगतिपुस्तक न्हाय."

मी आधी पाठ पाहिली. पुठ्ठा खरोखर जुना होता. कसरीचं भोक आरपार, कड कुरतडलेली. पिवळेपणा उजेडाच्या जागीच. तिरका धरला, तर चकाकी आणि भेगा. मास्तरांनी शिकवलेली प्रत्येक परीक्षा तो फोटो पास झाला. मी दाराकडे पाहिलं. आई माझ्याकडेच बघत होती. विहीर गेली, असं मी मनात म्हटलं.

फोटो परत देताना माझा अंगठा कडेवर आला. अंगठा उचलला तर खाली खाच. उजवीकडे खाली, तांदळाच्या दाण्याएवढी.

मग सगळंच कळलं. इतका चांगला जुना फोटो त्या मुलखात एकच माणूस करू शकत होता.

मी एक दिवस मागून घेतला आणि आईचा फोटो ट्रंकेतून आणला. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. चौकट माझ्याच हातून बहात्तर साली पडली, हे सांगितलं. दोन्ही फोटो कुणी काढले, हेही सांगावं लागलं. तहसीलदारांनी मास्तरांना बोलावणं पाठवलं.

ते आले. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आईचा फोटो घेऊन उलटा केला आणि स्वतःचं अक्षर वाचलं. मग दुसरा उलटा केला. त्याची पाठ कोरी होती. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, त्या कोऱ्या पाठीवर 'आत्ताचा' लिहिलं, खाली साल घातलं आणि फोटो तहसीलदारांपुढे सरकवला.

"मास्तर, जावयाची नोकरी इसरलाव व्हय?" चेअरमन ओरडले. मास्तरांचा जावई चेअरमनच्या शब्दावर साखर कारखान्यात लागलेला होता, हे मला असं कळलं.

मास्तर दारातून बाहेर पडताना आई उठून उभी राहिली. ती एवढंच म्हणाली, "आमचं पानी गोड हाय म्हनला व्हता तुमी."

ते थांबले नाहीत.

महिन्याभरात स्टुडिओला कुलूप लागलं. ते गुलबर्ग्याला दुसऱ्या मुलीकडे गेले असं कळलं. पत्ता मिळवून मी पत्र लिहिलं. ते परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. उत्तरही आलं नाही. दोन-अडीच वर्षांनी मास्तर गेल्याची बातमी आली. पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे, ती खाली देतो.

ती. मास्तरांस,

सप्रेम जयभीम.

विहीर वस्तीकडेच राहिली. पाणी बरं आहे. आई रोज शेंदते. तुमचं नाव घरात निघत नाही.

तुम्ही शेवटी खरं लिहिलंत, म्हणून मी मन मोठं करावं असं लोक म्हणतात. मला ते जमत नाही. मी खाच दाखवल्यावर तुम्ही लिहिलंत. त्या दिवशी मी तिथे नसतो तर तो फोटो जुनाच ठरला असता. ती विहीर कुणी खोदली, हे तुम्हाला माहीत होतं. चार दारांनी मला परत पाठवलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं, कारण ती दारं माझी नव्हती. आणि खोटं ओळखायची नजर तुम्हीच दिली, ती पहिल्यांदा तुमच्यावरच वापरावी लागली.

एकच विचारायचं आहे. गिऱ्हाइकाच्या फोटोची कड तुम्ही नेहमी कापत होता. ही कापायला पात्याचा एक हात पुरला असता. ती का राहिली? माझ्या नजरेला पडावी म्हणून ठेवली असेल, तर एका कार्डावर तेवढं कळवा. मी त्याच दिवशी निघून तुमच्याकडे येईन.

नुसती कापायची विसरली असेल, तर उत्तर लिहू नका.

तुमचा,
कालेजवाला